वाहनतळाच्या जागी पेठ वसवताना: कोल्हापूरसाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीची टप्प्याटप्प्याने मांडणी

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. उघड्या वाहनतळावर एका मोटारीला, तिच्या वळण्या-निघण्याच्या मार्गासह, साधारण २३ चौरस मीटर जागा लागते असे नियोजनात धरले जाते. या हिशेबाने एकरभर सपाट जागेवर पावणेदोनशे मोटारी उभ्या राहतात. गुजरीच्या किंवा महाद्वार रोडच्या आसपास तेवढ्याच जागेत किती दुकाने चालतात आणि त्यांच्या माथ्यावर किती बिऱ्हाडे राहतात, हे पेठेत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. खाली दुकान, वर घर, मागे कारखाना आणि चार पावलांवर तालीम ही रचना परदेशी नियोजनाच्या पुस्तकांत ‘संमिश्र वापर’ या नावाने येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे नांदते आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती बाजारपेठ म्हणूनच, आणि राजारामपुरीच्या क्रमांक दिलेल्या गल्ल्यांमधून आजही माणूस पत्ता न विचारता पायी पोहोचू शकतो.

हा लेख नगरसेवक, महापालिकेचे अधिकारी, व्यापारी संघटना, तालीम मंडळे आणि बांधकाम व्यावसायिक या सर्वांसाठी आहे. सार्वजनिक मालकीचा सपाट वाहनतळ खासगी भागीदार घेऊन पायी फिरण्याजोग्या वस्तीत कसा बदलता येईल, याची मांडणी त्यात आहे. माझे प्रतिपादन सुरुवातीलाच सांगतो. विकण्याजोगे मजले आणि अटीत लिहिलेली मोटारींची संख्या खासगी भागीदार न सांगता पूर्ण करतो, कारण त्याचा पैसा त्यात असतो. जमिनीलगतची गल्ली, सावली, बसायचा कट्टा आणि उघड्या दारांची दुकाने मात्र करारात शब्दाशब्दाने लिहिल्याशिवाय कधीही मिळत नाहीत. म्हणून आधी रस्ता ठरवावा, मग इमारत, आणि निविदा सर्वांत शेवटी.

सुरुवातीआधी टोलची आठवण

सार्वजनिक-खासगी भागीदारीचे नाव काढताच कोल्हापूरकरांच्या डोळ्यांपुढे टोलनाके उभे राहतात, आणि त्यात गैर काही नाही. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा २२० कोटी रुपयांचा प्रकल्प ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर दिला गेला, ३० वर्षांच्या टोलवसुलीचा करार झाला आणि टेंबलाईवाडीची जागाही त्या व्यवहाराचा भाग होती. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले आंदोलन वर्षानुवर्षे चालले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द करण्याची घोषणा झाली आणि भरपाईचा भार राज्य सरकारवर पडला. खासगी भांडवलाला लोकांचा सरसकट विरोध होता असे या प्रकरणातून मला दिसत नाही. जो हिशेब आपल्याला आधी दाखवला गेला नाही त्याचे पैसे आपण भरायचे नाहीत, ही लोकांची भूमिका होती. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारावा: हा कागद सहीच्या आधी लोकांसमोर ठेवता येईल का?

पहिली पायरी: मोजणी

वाहनतळ ‘नेहमी फुल्ल असतो’ हे वाक्य कोणत्याही बैठकीत आकडेवारी म्हणून स्वीकारू नये. सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत दर अर्ध्या तासाने वाहनतळावरून आणि भोवतालच्या तीनशे मीटर परिघातील सर्व रस्त्यांवरून फेरी मारून वाहनांच्या क्रमांकातील शेवटचे चार अंक टिपावेत. त्यामुळे किती वाहने आली एवढेच नव्हे, तर कोणते वाहन किती वेळ थांबले हेही समजते. ही मोजणी किमान चार वेगवेगळ्या दिवशी करावी: एखादा साधा बुधवार, अंबाबाईच्या दर्शनाचा शुक्रवार, एक रविवार आणि सुट्ट्यांच्या हंगामातील एक दिवस. नवरात्राची मोजणी स्वतंत्र करावी, पण तिच्यावरून कायमची क्षमता ठरवू नये. नऊ दिवसांच्या गर्दीसाठी बांधलेले मजले उरलेले साडेतीनशे दिवस रिकामे राहतात. त्या गर्दीसाठी शहराबाहेरचे तात्पुरते तळ आणि केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बससेवेच्या, जादा फेऱ्या हाच स्वस्त उपाय आहे.

मोजणीत तीन गोष्टी हमखास सापडतात. पहिली म्हणजे सकाळी दुकान उघडताना लावलेली आणि रात्री शटर ओढल्यावरच हलणारी वाहने. ती ग्राहकांची नसून दुकानदारांची आणि कामगारांची असतात. दुसरी म्हणजे दुचाकींचे प्रमाण. एका मोटारीच्या जागेत सहा-सात दुचाकी मावतात, आणि गावातला ग्राहक बहुतांशी दुचाकीवरून येतो. तिसरी म्हणजे वेळेची वाटणी: कचेऱ्यांची वाहने दिवसा, रहिवाशांची रात्री आणि खरेदीदारांची संध्याकाळी येत असल्यामुळे एकच जागा तिघांना पुरते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी सुमारे ८५ टक्के भरलेला रस्ता हा योग्य दराचा निकष मानला. दर सात-आठ जागांमागे एक रिकामी सापडावी, म्हणजे घिरट्या थांबतात. (टपरीवाल्याशी अर्धा तास बोलणे हाही मोजणीचाच भाग समजावा; कोणती गाडी महिनाभर हललेली नाही हे त्याला ठाऊक असते.)

दुसरी पायरी: जागेचे कागद

मालमत्ता पत्रक, सिटी सर्व्हेची हद्द आणि विकास आराखड्यातील आरक्षण हे तीन कागद एकमेकांशी जुळतात का, हे वकील आणि भूमापक दोघांकडून तपासून घ्यावे. जागा ‘वाहनतळ’ म्हणून आरक्षित असेल, तर तिथे घरे आणि दुकाने आणण्यापूर्वी दोन मार्गांचा विचार करावा लागतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत आरक्षणाचा वापर कायम ठेवून उरलेल्या क्षमतेत इतर बांधकाम करण्याची तरतूद कितपत लागू होते, हे आधी पाहावे. ती पुरेशी नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यासाठी नोटीस काढून एक महिन्याच्या मुदतीत हरकती मागवाव्या लागतात आणि अंतिम मंजुरी शासनाची असते. हा मार्ग लांबचा आहे, म्हणून निविदेनंतर तो सुरू करणे म्हणजे भागीदाराला विलंबाच्या दाव्याचे आयते कारण देणे होय.

मिळकत भाडेपट्ट्याने द्यायची असो वा विकायची, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ नुसार मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये. रेडीरेकनर, म्हणजे शासनाने ठरवलेले जमिनीचे दर, ही फक्त सुरुवात समजावी आणि आरक्षणाचा बोजा विचारात घेऊन स्वतंत्र मूल्यांकन करून घ्यावे. महापालिकेत सभागृह अस्तित्वात नसेल आणि प्रशासक कारभार पाहत असतील, तर कायद्याने निर्णय होऊ शकतो. पण अनेक दशकांचा भाडेपट्टा निवडून आलेल्या सभागृहासमोर जावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: पाणी, कातळ आणि किरणे

तळघरातील वाहनतळ कागदावर सर्वांना आवडतो, कारण त्यामुळे जमीन मोकळी होते. कोल्हापुरात मात्र आधी पूररेषेचा नकाशा उघडावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतील कुंभार गल्ली अशा भागांत पाणी शिरले. अशा ठिकाणी तळघर बांधणे म्हणजे पुराला हौद बांधून देणे होय. तिथे वाहने पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर न्यावीत आणि विजेचे पॅनेल, जनित्र व पंप पूरपातळीच्या वर ठेवावेत. उंच भागात तळघर शक्य असले तरी बोअर घेऊन कातळ किती खोलीवर लागतो ते निविदेआधी महापालिकेनेच तपासावे आणि अहवाल सर्व बोलीदारांना द्यावा. अनिश्चितता जितकी जास्त, तितकी बोली कमी येते.

अंबाबाई मंदिर परिसरात आणखी एक अट आहे, जी इतर कुठल्याही शहराच्या नियमावलीत सापडणार नाही. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या काळात मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्याकडे जातात, आणि पश्चिमेकडील बांधकामांचे अडथळे हा किरणोत्सवातला जुना प्रश्न आहे. त्या मार्गाच्या जवळ कोणतीही नवी इमारत उभी करायची असेल, तर मजल्यांची कमाल उंची खगोलशास्त्रीय मोजणीवरून ठरवून ती पूर्वअट म्हणून निविदेत छापावी. पाण्याच्या टाक्या, जाहिरात फलक आणि मोबाइल मनोरेही या उंचीत मोजावेत.

चौथी पायरी: जमिनीलगतचा नकाशा

वास्तुविशारदाने इमारतीचे मनोहर चित्र काढण्याआधी महापालिकेने एका साध्या कागदावर जमिनीलगतची रचना पक्की करावी. सभोवतालच्या गल्ल्या जिथे वाहनतळाच्या भिंतीशी अडतात, तिथून त्या आरपार न्याव्यात, म्हणजे मोठा चौकोन दोन-तीन छोट्या तुकड्यांत विभागला जाईल आणि पायी माणसाचा वळसा वाचेल. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पदपथाचा अडथळामुक्त चालण्याचा भाग किमान १.८ मीटर आणि त्याची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर असावी. बाजाराच्या भागात मात्र १.८ मीटरवर समाधान मानू नये, कारण ओवाळणीच्या ताटासह निघालेले चौघांचे कुटुंब एका रांगेत चालत नाही.

दुकानांचे गाळे लहान ठेवावेत, त्यांची दारे थेट गल्लीत उघडावीत, आणि आतून जाणारा वातानुकूलित बोळ करून रस्त्याकडे कोरी भिंत ठेवण्यास मनाई करावी. वाहनतळाचे प्रवेशद्वार एकच असावे आणि ते मुख्य पायी मार्गावर नसावे. केएमटीचा थांबा, रिक्षाथांबा, प्रवाशांसाठी स्वच्छतागृह आणि पाणपोई यांच्या जागा याच नकाशावर दाखवाव्यात, नंतर ‘सोयीनुसार’ म्हणून सोडू नयेत. सध्या वाहनतळाच्या कडेला बसणारे फुलवाले, चप्पल दुरुस्त करणारे आणि भेळवाले यांना पथविक्रेता अधिनियम, २०१४ चे संरक्षण आहे. त्यांचे सर्वेक्षण आणि जागा नगर पथविक्रेता समितीमार्फत ठरवावी लागते आणि स्थलांतरापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. वस्तीला पहिल्या दिवसापासून जिवंतपणा हेच लोक देतात, त्यामुळे त्यांना उपकार म्हणून नव्हे तर नियोजनाचा भाग म्हणून सामावून घ्यावे.

पाचवी पायरी: पैशाचा हिशेब

इथे जरा थांबावे लागेल, कारण बहुतेक प्रस्ताव याच ठिकाणी फसवे असतात. पुढील दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. पद्धत समजली की प्रत्यक्ष दर घालून पाहावेत.

समजा, १०० मोटारी आणि ४०० दुचाकींचा सार्वजनिक वाहनतळ मजल्यांवर बांधायचा आहे. मोटारीला ३० आणि दुचाकीला ३ चौरस मीटर धरल्यास एकूण ४,२०० चौरस मीटर होतात. बांधकामाचा दर २०,००० रुपये धरला तर खर्च ८ कोटी ४० लाख रुपये. मोटारीला ताशी २० रुपये, रोज आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरल्यास एका जागेचे ४८,००० रुपये, म्हणजे शंभर जागांचे ४८ लाख. दुचाकीला एका खेपेस ५ रुपये आणि रोज चार खेपा धरल्यास चारशे जागांचे २४ लाख. एकूण ७२ लाखांपैकी निम्मे पगार, वीज, उद्वाहन आणि विम्यात गेले, तर हाती ३६ लाख राहतात. ८ कोटी ४० लाखांवर दहा टक्के व्याजच वर्षाला ८४ लाख होते. म्हणजे बहुमजली वाहनतळ स्वतःच्या कमाईवर उभा राहत नाही. त्याचे पैसे वरच्या मजल्यांवरील घरे आणि कार्यालये भरतात.

आता समजा, वरच्या मजल्यांवर ५,००० चौरस मीटर विक्रीयोग्य क्षेत्र मिळते आणि भागीदाराचा रास्त नफा वजा करून चौरस मीटरमागे १५,००० रुपये उरतात. शिल्लक साडेसात कोटी. शंभर मोटारींचा वाहनतळ ८ कोटी ४० लाखांचा असल्याने प्रकल्प तोट्यात जातो, आणि मग भागीदार जादा एफएसआय (जागेच्या क्षेत्राच्या प्रमाणात मिळणारी बांधकामाची परवानगी) मागतो किंवा गल्ल्या अरुंद करतो. मोजणीत खरी गरज ६० मोटारींचीच निघाली असेल, तर वाहनतळाचा खर्च ६ कोटींवर येतो आणि दीड कोटी महापालिकेच्या हाती राहतात. दोन्ही वेळा जमिनीतून निघालेले सार्वजनिक मूल्य साडेसात कोटीच आहे. ते मोटारींवर किती आणि माणसांवर किती खर्चायचे, एवढाच प्रश्न आहे. कलम ७९ साठी तुलना करायची ती याच साडेसात कोटींची, आणि मूल्यांकन त्याहून जास्त आले तर प्रस्ताव त्या स्वरूपात पुढे नेता येणार नाही.

सहावी पायरी: भागीदारीचा साचा आणि निविदा

जमीन विकून टाकणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत अदूरदर्शी पर्याय आहे. दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, संयुक्त विकास व उत्पन्नात वाटा, आणि बांधा-वापरा-हस्तांतरित करा असे तीन साचे व्यवहारात राहतात. ३० वर्षांनी परत द्यायच्या जागेवर गृहकर्ज काढून कोणी घर घेणार नाही. म्हणून घरे हवी असतील तर भाडेपट्टा लांब हवा किंवा घरे भाड्याचीच असावीत. विक्रीचा भाग असेल तर स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार नोंदणी करावी लागते आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. महापालिका उत्पन्नात वाटेकरी असेल तर प्रवर्तक म्हणून तिच्यावर कोणती जबाबदारी येते, याचे लेखी कायदेशीर मत आधीच घ्यावे.

निविदा दोन टप्प्यांत काढावी: आधी पात्रता, मग आर्थिक देकार. रस्त्यांचा नकाशा, वाहनतळाची संख्या, उंची आणि दर हे सर्व ठरलेले असावे, आणि बोली फक्त एका आकड्यावर लागावी, उदाहरणार्थ महापालिकेला मिळणारा वार्षिक वाटा. पाच-सहा निकषांना गुण देणारी निविदा वादाला आणि न्यायालयाला आमंत्रण देते. एखाद्या विकसकाने स्वतःहून आणलेला ‘तयार प्रस्ताव’ कितीही आकर्षक असला तरी तो स्पर्धेशिवाय स्वीकारू नये.

बाहेरचे दोन अनुभव इथे उपयोगी पडतात. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथे माँटगोमेरी काउंटीने स्वतःचा सपाट वाहनतळ भागीदारीत देऊन सार्वजनिक वाहने जमिनीखाली नेली आणि वर घरे व दुकाने आणली. दिल्लीत चांदणी चौकाजवळील गांधी मैदानावर वाहनतळ आणि बाजार भागीदारीतून उभे राहिले, तर लाल किल्ला ते फतेहपुरी हा रस्ता २०२१ मध्ये दिवसा मोटारबंद करून पायी लोकांसाठी खुला झाला. दिल्लीचा धडा असा की वाहनतळ आणि चालण्याचा रस्ता यांचा विचार एकत्र व्हावा लागतो.

सातवी पायरी: करारातील कलमे

मोठ्या करारात शंभर कलमे असतात. भांडणे मात्र थोड्याच कलमांवरून होतात. त्यातील सर्वांत धोक्याचे म्हणजे स्पर्धाबंदीचे कलम. आपल्या वाहनतळाजवळ दुसरा तळ होऊ नये आणि भोवतालच्या रस्त्यांवर फुकट वाहने उभी राहू नयेत, अशी हमी भागीदार मागतो. दुसरी मागणी रास्त आहे, कारण दारात फुकट जागा असताना कोणी तिसऱ्या मजल्यावर गाडी नेत नाही. पण ती हमी पाळायची तर वाहतूक पोलिसांची कारवाई रोज व्हावी लागते, आणि ती न झाल्यास भरपाई महापालिकेच्या माथी येते. म्हणून अशी हमी मर्यादित परिघासाठी, पोलिसांच्या लेखी संमतीने आणि भरपाईची कमाल रक्कम ठरवूनच द्यावी. पहिली मागणी सरळ नाकारावी.

गल्ल्या आणि चौक कायम सार्वजनिक रस्ते राहतील, त्यांना फाटक बसणार नाही आणि गणपतीच्या मंडपापासून सभेपर्यंत परवानग्या महापालिकाच देईल, हे स्पष्ट लिहावे. नाहीतर दहा वर्षांनी तिथे खासगी पहारेकरी माणसांना हटकू लागतो. वाहनतळाचे दर ठरवण्याचा अधिकार महापालिकेकडे ठेवावा आणि वाढीचे सूत्र करारात असावे. सर्व वसुली एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या अटींनुसारच पैसे निघतील अशा तिऱ्हाइताकडील खात्यात, जावी, स्वतंत्र अभियंता नेमावा, आणि भागीदार मध्येच निघून गेला तर कर्ज देणाऱ्या बँकेला बदली भागीदार आणण्याची मुदत द्यावी. करार आणि त्याची परिशिष्टे सहीच्या तीस दिवस आधी मराठीत महापालिकेच्या संकेतस्थळावर ठेवावीत.

आठवी पायरी: बांधकामाचा काळ आणि नंतर

पर्यायी वाहनतळ सुरू झाल्याशिवाय खोदाईला परवानगी देऊ नये. खोदाई नोव्हेंबर ते मे या काळातच उरकावी, नवरात्रात अवजड वाहनांना बंदी असावी, आणि प्रत्येक टप्प्यात एक गल्ली तरी चालू राहावी. भागीदार साहजिकच विकण्याजोगा भाग आधी बांधू पाहील. म्हणून सार्वजनिक वाहनतळ आणि गल्ल्या पूर्ण करून ताब्यात दिल्याशिवाय वरच्या मजल्यांना भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) मिळणार नाही, अशी सांगड घालावी.

वस्ती सुरू झाल्यावर दर सहा महिन्यांनी पहिल्या पायरीतील मोजणी त्याच पद्धतीने पुन्हा करावी. वाहनतळाचे मजले सपाट आणि पुरेशा उंचीचे बांधलेले असतील, तर मागणी घटल्यावर ते कार्यालये किंवा अभ्यासिका म्हणून वापरता येतात; उतरत्या मजल्यांचे पुढे काहीच होत नाही, हे नकाशा मंजूर करतानाच तपासावे. देखभालीसाठी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा वेगळ्या निधीत जावा. भाडेपट्ट्याच्या शेवटच्या पाच वर्षांत स्वतंत्र अभियंत्याने इमारतीची दरवर्षी तपासणी करावी, आणि दुरुस्तीची रक्कम भागीदाराच्या हमीतून वळती करून घेण्याचा अधिकार महापालिकेकडे असावा.